कंसातला अपवाद

मा. डॉ. मोहन यादव,
मुख्यमंत्री, मध्य प्रदेश शासन, भोपाळ
यांस

सप्टेंबर 2023 मध्ये मध्य प्रदेशातला सातवा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. सागर, दमोह आणि नरसिंहपूर या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या 2,339 चौरस किलोमीटर जंगलाला नाव मिळाले वीरांगना दुर्गावती. नाव अगदी चपखल होते. गढा-मंडल्याची ही राणी 24 जून 1564 रोजी आसफखानाच्या मोगल फौजेशी लढताना पडली. तिची समाधी आमच्या जबलपूरजवळ, बरेला भागात आहे. वाघ आल्याची खबर कानावर आली की तो टिपल्याखेरीज राणी पाणी पीत नसे, असे अबुल फजलाने लिहून ठेवले आहे. आज कोणी वाघ टिपू नये हे खरेच, पण रानात बेधडक शिरणारी बाई या मुलखाला नवी नाही, एवढे त्यावरून कळते. या घोषणेला पंधरवडा होतो न होतो तोच, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, भोपाळहून आणखी एक अधिसूचना निघाली. 1997 च्या नियमांत दुरुस्ती करून राज्याच्या सेवांतल्या सरळ भरतीत स्त्रियांसाठी 35 टक्के जागा राखून ठेवणारी ती अधिसूचना होती. तिचे स्वागतच करायला हवे. मात्र त्याच वाक्यात एक कंस आहे आणि कंसात लिहिले आहे: वन विभाग वगळून.

हा कंस काढून टाकावा, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र आहे. ते मराठीत आहे याचे नवल वाटू नये. 1956 पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, दोन्हीकडच्या जंगलांचा कारभार एकाच ठिकाणाहून चाले. पुढे राजधानी भोपाळला गेली आणि आम्हा जबलपूरकरांच्या वाट्याला उच्च न्यायालय आले, ही इथली जुनी सल इथे उगाळत बसत नाही. पण वनसंशोधनाच्या दोन मोठ्या संस्था याच शहरात आहेत, एक राज्याची आणि एक केंद्राची. कान्हा, बांधवगड, पेंच या तिन्ही जंगलांच्या वाटा इथूनच फुटतात. जंगलाबद्दल सरकार काय म्हणते, याकडे या शहराचे कान लागलेले असतात.

आधी हा अपवाद नेमका कोणाला अडवतो ते पाहू. भारतीय वन सेवेत स्त्रिया 1980 पासून आहेत. तिथली भरती केंद्र करते, त्यामुळे हा कंस त्यांच्या आड येत नाही. मंडल्याला किंवा शिवनीला उपवनसंरक्षक म्हणून स्त्री आली तर कोणाची भुवई उंचावत नाही. शेजारच्या महाराष्ट्रात तर 2024 मध्ये शोमिता बिस्वास वनबल प्रमुख झाल्या, त्या पदावरच्या त्या पहिल्याच स्त्री. पोलीस, महसूल, आरोग्य, शिक्षण ही खाती आपल्याच नियमाच्या कक्षेत येतात. म्हणजे जंगलाला लागून असलेल्या ठाण्यात रात्रपाळी करणारी शिपाई 35 टक्क्यांत बसते, त्याच जंगलातल्या पाड्यावर पायी जाणारी परिचारिका बसते, मोजणीला गेलेली पटवारीही बसते. बसत नाही ती वनरक्षक. स्त्रिया वन खात्यात येतच नाहीत, असे नाही. येतात, बीट म्हणजे गस्तीचा टापू सांभाळतात, रेंजरही होतात, पण त्यांच्या पाठीशी हा नियम नसतो. जंगलाशी रोजचा संबंध ज्या पायऱ्यांवर येतो, वनरक्षक, वनपाल, वनक्षेत्रपाल, नेमक्या त्याच पायऱ्यांवर राज्य म्हणते की इथे तुमच्यासाठी वेगळी जागा राखण्याची गरज नाही.

गरज आहे की नाही हे ठरवायचे तर वनरक्षकाचे काम जवळून पाहावे लागेल. बंदूक, वाघ आणि शिकारी यांच्या पलीकडे लोकांच्या डोळ्यांपुढे सहसा काही येत नाही. प्रत्यक्षात वर्षातले अनेक दिवस जातात ते माणसांशी बोलण्यात. मोहाचेच उदाहरण घ्या. मार्चच्या मध्यापासून मोहाची फुले गळू लागतात, तीही पहाटे. उजाडायच्या आत बायका टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात, पोरेही सोबत असतात. खाली पाचोळ्याचा थर असतो आणि त्यात ती फिकट, रसरशीत फुले दिसत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा साफ केली जाते. जाळ विझल्यासारखा दिसतो, मुळाशी धुमसत राहतो, दुपारी वारा सुटला की सालवनाच्या कोरड्या पानांत शिरतो. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा खात्याच्या लेखी आगीचा हंगाम. या काळात जाळरेषा काढणे, मनोऱ्यावर माणूस बसवणे, उपग्रहाकडून आलेल्या सूचनेनुसार धावत सुटणे, हे सगळे होते. पण आग लागूच नये यासाठी एकच उपाय आहे: त्या झाडाखाली जाऊन पाचोळा जाळण्याऐवजी झाडून घ्या, खाली जाळी नाहीतर जुने लुगडे अंथरा, हे पटवून देणे. अस्वलालाही मोह आवडतो आणि वाघाची फिरण्याची वेळही तीच, तेव्हा एकटीदुकटीने जाऊ नका, हेही सांगावे लागते. हे सांगायला पहाटे चारला एखादा गणवेशधारी पुरुष आला तर बायका पांगतात. एरवी तो येतो तो मोळी अडवायला, कुऱ्हाड जप्त करायला, नाव लिहून घ्यायला. त्याच्याशी बोलायचे नाही, हे त्या कधीच शिकल्या आहेत.

स्त्री वनरक्षक कनवाळूच असेल, असा माझा दावा नाही. मोळी तीही अडवेल, अडवायलाच हवी. पण ती त्या झाडाखाली बसू शकते, घरात चुलीपर्यंत जाऊ शकते, सरपण किती दिवसांचे उरले आहे ते पाहू शकते, आणि एखादी बाई आज ठरलेल्या वाटेने का गेली नाही, हे तिला कोणी तरी सांगते. मोह, तेंदूपान, सरपण, चारोळी, रानभाजी: आपल्या राज्यात जंगलातून जे काही डोक्यावरून घरी येते, त्यातले बरेचसे बायकांच्या डोक्यावरून येते. जंगलात वाघाच्या तोंडी जाणाऱ्यांतही त्या असतात. मे 2025 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अशा घटनेनंतर गावात जमावाचा राग असतो, पंचनामा असतो, भरपाईचे कागद असतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जंगलात जावेच लागणाऱ्या उरलेल्या बायका असतात. जंगलाचा सर्वांत मोठा वापरकर्ता वर्ग आणि खाते यांच्यात बोलणेच नसेल, तर संरक्षणाचे कागदी आराखडे कितीही करा. 2022 च्या गणनेत 785 वाघ मोजलेल्या राज्याला हे कळत नसेल, असे मला वाटत नाही.

दुसरी बाब अगदी रोकडी आणि कायद्याची आहे. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, शालीनता राखून घ्यावी, असे जुनी फौजदारी संहिता सांगत होती आणि नवी नागरिक सुरक्षा संहिताही तेच सांगते. वन्यजीवांच्या तस्करीत संशयित स्त्रियाही असतात. कातडी, नखे, खवल्या वाहून नेण्यासाठी टोळ्या बायकांचा वापर करून घेतात, कारण नाक्यावर त्यांना कोणी हात लावणार नाही हे त्यांना ठाऊक असते. रात्री दोन वाजता वन नाक्यावर अशी गाडी अडवली आणि पथकात एकही स्त्री नसेल, तर दोनच मार्ग उरतात: पोलीस ठाण्यातून स्त्री शिपाई येईपर्यंत थांबायचे किंवा नियम मोडायचा. पहिल्यात पुरावा हातचा जातो, दुसऱ्यात खटला. आमच्या उच्च न्यायालयातल्या कोणत्याही फौजदारी वकिलाला विचारा, बचाव कुठून सुरू करायचा हे तो लगेच सांगेल.

आता आक्षेपांकडे येतो. सर्वांत मोठा आणि मनापासून घेतला जाणारा आक्षेप धोक्याचा आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ नाव घेतले जाते ते ताडोब्याच्या स्वाती ढुमणे यांचे. 20 नोव्हेंबर 2021 रोजी कोलारा क्षेत्रात, व्याघ्रगणनेसाठी पायी चालत खुणा टिपत असताना, माया नावाने प्रसिद्ध असलेल्या वाघिणीने या वनरक्षकाला मारले. त्यांच्यासोबत तीन वनमजूर होते. वाटेवर वाघीण दिसल्यावर सगळे थांबले होते, बऱ्याच वेळाने वळसा घालून पुढे जाऊ लागले, तेव्हा हल्ला झाला. या मृत्यूवरून काय शिकायचे? त्या स्त्री होत्या म्हणून हे घडले, असे त्या घटनेत काहीही नाही. हातात काठी घेऊन वाघिणीच्या हद्दीतून चालायला लावणारी कामाची पद्धत त्यामागे होती. ताडोब्यातही घटनेनंतर तात्पुरते थांबवले गेले ते पायी सर्वेक्षण, स्त्रियांची भरती नाही. आणि तेच बरोबर होते. जी पद्धत स्त्रीच्या जिवावर उठते, ती पुरुषाच्याही उठते. देशभरात दरवर्षी वाघ, हत्ती, अस्वल, वणवा आणि शिकाऱ्यांच्या गोळ्या यांत वनरक्षक मरतात, त्यांतले बहुतेक पुरुषच असतात, आणि म्हणून पुरुषांची भरती बंद करा, असे कोणी म्हणत नाही. दक्षिण आफ्रिकेत 2013 पासून ब्लॅक माम्बा नावाचे स्त्रियांचे पथक गेंड्यांच्या मुलखात शस्त्राविना गस्त घालते, तेही पद्धत आखूनच.

दुसरा धोका वाघाचा नाही, माणसाचा. मुरैन्यातली वाळू माफियाची दहशत आपल्याला नव्याने सांगायला नको. 2021 मध्ये तिथल्या उपविभागीय वनाधिकारी श्रद्धा पंढरे यांनी वाळूने भरलेले ट्रॅक्टर पकडायला सुरुवात केली आणि काही महिन्यांत त्यांच्या पथकावर वारंवार हल्ले झाले. त्या मागे हटल्या नाहीत. शेवटी त्यांची बदली झाली. त्या प्रसंगात कमी पडले ते त्यांचे स्त्रीपण नव्हते, पाठीमागचे बळ होते. मेळघाटातली गोष्ट याहून कडू आहे. हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी 25 मार्च 2021 रोजी आत्महत्या केली आणि आपल्या पत्रात वरिष्ठांकडून झालेल्या छळाचे आरोप लिहून ठेवले. प्रकरण पोलिसांत आणि न्यायालयात गेले, त्याच्या तपशिलात मी जात नाही. पण धडाडीसाठी ज्या अधिकाऱ्याचे नाव घेतले जाई, जंगलातल्या लाकूडचोरांना जी पुरून उरली, तिला कार्यालयापुढे हात टेकावे लागले, एवढे तरी मान्य करावेच लागेल. बायकांना वन खात्यात घेऊ नका, असा या घटनेचा अर्थ काढणारे लोक मला भेटलेले नाहीत असे नाही. त्यांना उलट प्रश्न असा की, घरात गळती लागली तर आपण छप्पर दुरुस्त करतो की घरात राहणाऱ्याला बाहेर काढतो? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा 2013 चा आहे. तक्रार समिती विभागीय मुख्यालयात आणि तक्रारदार तिथून दूर, नेटवर्क नसलेल्या चौकीत, अशी रचना असेल तर कायदा कपाटातच राहतो. आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या स्त्रिया असलेल्या खात्यात तक्रार करणारी कोण हे सगळ्यांना आपोआप कळते. संख्या वाढणे हाही संरक्षणाचाच भाग आहे.

'त्यांच्याच भल्यासाठी' हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयापुढे आधीच जाऊन आला आहे. लोक जिथे बसून दारू पितात अशा जागी स्त्रियांना नोकरी नको, असे पंजाब अबकारी कायद्याचे कलम होते. अनुज गर्ग प्रकरणात डिसेंबर 2007 मध्ये न्यायालयाने ते अमान्य केले. धोका आहे तर राज्याने धोका दूर करावा, धोक्याच्या नावाखाली नोकरीचे दार बंद करू नये, हा त्यातला विचार. फेब्रुवारी 2020 मध्ये बबिता पुनिया प्रकरणात सरकारने शारीरिक क्षमता, घरच्या जबाबदाऱ्या, तुकडीतल्या पुरुषांची मानसिकता असे मुद्दे मांडून पाहिले, आणि लष्करात स्त्रियांना कायम कमिशन नाकारायला ते पुरेसे ठरले नाहीत. जे सैन्याला लागू पडत नाही, ते पेंचच्या चौकीला कसे लागू पडेल, हे कोणी तरी समजावून सांगायला हवे.

शारीरिक चाचणीबद्दलही खूप बोलले जाते. भारतीय वन सेवेसाठी पुरुषांना चार तासांत 25 किलोमीटर चालायचे असते, स्त्रियांना 14. राज्यांच्या भरतीतही असाच फरक असतो आणि त्यावरून पात्रता खालावल्याची ओरड होते. बीटवरची गस्त ही चार तासांची शर्यत नसते. पाणवठ्यावरचे ठसे ओळखणे, झाडाच्या सालीवरची ताजी नखे आणि जुनी नखे यांतला फरक कळणे, मोबाइलवरच्या नोंदी चुकू न देणे, रानात काही वेगळे ऐकू आले की थांबणे, यांची परीक्षा ती चाल घेत नाही. खरोखर कठीण चाचणी हवी असेल तर कामाला धरून असलेली घ्या, सर्वांसाठी एकच ठेवा. काही राज्यांनी मात्र भलत्याच गोष्टीत काटेकोरपणा दाखवला. वनरक्षक भरतीत मुलींची छाती मोजण्याच्या प्रकाराबद्दल राजस्थान उच्च न्यायालयाला ऑगस्ट 2023 मध्ये खडे बोल सुनावावे लागले.

एक आक्षेप मात्र मला अर्धा मान्य आहे. भरती झालेल्या मुली पुढे रोपवाटिकेत, प्रवेशद्वारावर तिकिटे फाडायला किंवा संगणकासमोर बसवल्या जातात, मग बीट रिकामेच राहते आणि टक्का फक्त कागदावर दिसतो, असे खात्यातले लोक म्हणतात. हे घडते. पण कोणाला कुठे नेमायचे हे मुली ठरवत नाहीत. साहेब ठरवतात, बऱ्याचदा दयाबुद्धीने, आणि त्या दयेमुळे पाच वर्षांनी पदोन्नतीच्या वेळी तिच्या नावापुढे जंगलाचा अनुभव शून्य दिसतो. चौकीच्या बांधणीचा प्रश्न यालाच जोडलेला आहे. दोन खोल्या, हातपंप, सौरपट्टी, वायरलेस संच आणि संडासाच्या नावाने जंगल, अशी चौकी असेल तर तिथे बाई कशी राहणार, हे विचारून फाइल बंद होते. बाप्येही तिथे वर्षानुवर्षे तसेच राहतात, अंधारात उठून बाहेर जातात आणि अस्वलाच्या तावडीत सापडतात, हे कोणाच्या लक्षात येत नाही. दाराला कडी असलेला संडास, दोन स्त्रियांची जोडीने नेमणूक, गरोदरपणात आणि मूल लहान असताना काही काळ मुख्यालयी बदली आणि त्यानंतर हक्काने बीटवर परत, यांतले काहीही खर्चाच्या आवाक्याबाहेरचे नाही.

शेजाऱ्यांनी काय केले हेही पाहावे. गुजरातेत नरेंद्र मोदी मुख्यमंत्री असताना, 2007 मध्ये, वन खात्यात स्त्रियांसाठी 33 टक्के जागा राखल्या गेल्या. त्यानंतर गीरमध्ये आलेल्या मुली विहिरीत पडलेले बिबटे काढू लागल्या, जखमी सिंहांना पिंजऱ्यात घेऊ लागल्या. रसीला वाढेर यांचे नाव देशभर झाले ते त्यातूनच. महाराष्ट्राने 1994 च्या महिला धोरणापासून सरकारी नोकऱ्यांत स्त्रियांसाठी 30 टक्के समांतर आरक्षण ठेवले, त्यात वन खात्याला सूट दिली नाही, आणि पुरेशा पात्र स्त्रिया मिळाल्या नाहीत तर त्या जागा त्याच प्रवर्गातल्या पुरुषांना जातात. त्यामुळे जागा रिकाम्या राहण्याची भीतीही नको. पेंचच्या जंगलात राज्यसीमेच्या एका बाजूला तो नियम चालतो, दुसऱ्या बाजूला नाही. वाघ तर दोन्हीकडे फिरतात. महाराष्ट्रातले सगळे आलबेल आहे, असे वर लिहिलेल्या ढुमणे आणि चव्हाण या दोन नावांनंतर कोणीच म्हणणार नाही. पण तिथे चुका दिसतात, त्यांवर आरडाओरडा होतो, आणि तो होतो कारण खात्यात स्त्रिया पुरेशा संख्येने आहेत.

मुख्यमंत्री महोदय, रातापानी आणि माधव धरून आता राज्यात नऊ व्याघ्र प्रकल्प आहेत. नव्या प्रकल्पांना नवी माणसे लागतील, वनरक्षकांची भरती निघेलच. तिची जाहिरात येण्याआधी तीन गोष्टी व्हाव्यात. पहिली, 1997 च्या नियमांतला तो कंस वगळावा. हे नियम संविधानाच्या अनुच्छेद 309 खालचे असल्याने त्यासाठी विधानसभेत विधेयक आणावे लागत नाही. मंत्रिमंडळाचा निर्णय आणि राजपत्रातली प्रसिद्धी पुरते. दुसरी, प्रत्येक वनविभागात वनरक्षक, वनपाल आणि वनक्षेत्रपाल या पदांवर किती स्त्रिया आहेत आणि त्यांतल्या किती प्रत्यक्ष बीटवर आहेत, याचा तक्ता दरवर्षी जाहीर करावा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा महत्त्वाचा, आणि तो लपवण्याचा मोहही जास्त होईल. तिसरी, सुरुवात वीरांगना दुर्गावती प्रकल्पापासून करावी, कारण तिथल्या कित्येक चौक्या अजून बांधायच्या आहेत आणि नव्या भिंतीत संडासाचे दार ठेवायला जुनी भिंत फोडावी लागत नाही. हा अपवाद ठेवण्यामागे सरकारकडे काही कारण असेल, तर ते लेखी जाहीर व्हावे, म्हणजे त्यावरही बोलता येईल.

आपला विश्वासू,
एक मराठी नागरिक
जबलपूर